शाळेच्या प्रकल्पात संदर्भ कसे लिहावेत? ('गुगल, विकिपीडिया आणि आजी' चालत नाही म्हणे)

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी नाशिकमधल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. यंदा तिने 'गोदावरीचे पूर आणि जुने नाशिक' हा विषय प्रकल्पासाठी घेतला, दोन महिने खपून चाळीस पाने लिहिली, रामकुंडावर जाऊन छायाचित्रे काढली आणि झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल बाइंडिंग करून वही बाईंच्या हाती दिली. वही चार दिवसांनी परत आली. आतल्या मजकुराला एकही तांबडी खूण नव्हती, मात्र शेवटच्या पानावर 'संदर्भ' या मथळ्याखाली तिने लिहिलेल्या '१) गुगल, २) विकिपीडिया, ३) आजी' या तीन ओळींखाली ठळक रेघ ओढून 'हे संदर्भ नव्हेत, पुन्हा लिहावेत' असा शेरा होता.

सोबत नमुना म्हणून एक छापील कागद दिला आहे. तो 'एपीए' नावाच्या पद्धतीचा असून त्यातली सगळी उदाहरणे इंग्रजी पुस्तकांची आणि इंग्रजी नावांची आहेत. मुलीने वापरलेली साधने म्हणजे दोन मराठी पुस्तके, विश्वकोशातली एक नोंद, आजोबांनी जपून ठेवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे, पांडवलेण्यांतील शिलालेखाचा उल्लेख, आणि १९६९ चा पूर डोळ्यांनी पाहिलेली आजी. यांतले काय त्या कागदाच्या साच्यात बसते आणि काय बसत नाही, हे मला कळेनासे झाले आहे. शिवाय नववीच्या मुलांकडून इतक्या काटेकोरपणाची अपेक्षा करावी का, हाही प्रश्न मनात आहेच. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मिसळप्रेमी

आजीला तिसरा क्रमांक दिला, हे पाहून वाईट वाटले. आमच्या घरात आजी नेहमी पहिल्या क्रमांकावर असते आणि तिच्या विधानाला पुरावा मागण्याची कुणाची छाती होत नाही.

फळाखडू

मी स्वतः शिक्षिका आहे, तेव्हा बाईंच्या बाजूने चार शब्द लिहिते. एका वर्गात साठ मुले, म्हणजे साठ वह्या. त्यांतल्या निदान चाळीस वह्यांच्या शेवटी 'गुगल' हा एकच शब्द असतो. गुगल हे शोधण्याचे साधन आहे. माहिती त्याच्या पलीकडे, कुणीतरी लिहिलेल्या एखाद्या पानावर असते. 'माहिती कुठून आणली?' या प्रश्नाला 'गुगलवरून' असे उत्तर देणे म्हणजे 'भाजी कुणाकडून घेतली?' या प्रश्नाला 'रिक्षाने' असे सांगण्यासारखे आहे.

काटेकोरपणाविषयी माझे मत असे की, नववीच्या मुलाकडून स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांची कसरत मी मागत नाही. कुणी लिहिले, काय लिहिले, कुणी आणि कधी प्रसिद्ध केले, आणि तू त्यातले कोणते पान वाचलेस, एवढे मला कळले पाहिजे. मी कोणत्याही वहीतली एक नोंद निवडते आणि तेवढ्या माहितीवर मला ते पान सापडते का, हे पाहते. सापडले तर गुण, नाही तर नाही.

पीएचडीग्रस्त

फळाखडूताईंशी तत्त्वतः सहमत आहे. पण 'स्वल्पविरामांची कसरत' म्हणून ती बाजूला टाकण्याइतकी क्षुल्लक नाही. पद्धत ठरलेली असली की वाचणाऱ्याला प्रत्येक नोंदीत लेखक कुठे संपला आणि पुस्तकाचे नाव कुठे सुरू झाले, हे शोधत बसावे लागत नाही.

ज्या कागदाने ताईंना त्रास दिला त्याची थोडी कुळकथा सांगतो. 'एपीए' म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, अर्थात मानसशास्त्रज्ञांची संघटना. त्यांचे लेखनाचे नियम १९२९ साली एका नियतकालिकात जेमतेम सात पानांत छापले गेले होते. आज त्याचा जाडजूड ग्रंथ झाला असून २०१९ साली त्याची सातवी आवृत्ती निघाली. भाषा-साहित्याचे अभ्यासक बहुधा 'एमएलए' पद्धत वापरतात, तिची नववी आवृत्ती २०२१ ची आहे. इतिहासाचे अभ्यासक पुष्कळदा 'शिकागो' पद्धतीकडे वळतात. तिची नियमपुस्तिका १९०६ पासून चालत आली आहे. विषय गोदावरीच्या पुरांच्या इतिहासाचा असेल, तर तळटिपा देणारी शिकागो पद्धत खरे म्हणजे अधिक सोयीची पडेल. पण शाळेने 'एपीए' सांगितली असेल, तर तीच पाळावी आणि पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सारखीच पाळावी.

एक गंमत अशी की, 'एपीए'च्या सातव्या आवृत्तीने पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनाचे ठिकाण काढून टाकले आहे. मराठी पुस्तकांच्या बाबतीत त्यामुळे प्रत्येक ओळीत 'पुणे' लिहिण्याचे कष्ट वाचतात.

जुनेनाशिककर

नाशिकला छापलेली पुस्तकेही आमच्या कपाटात आहेत, पीएचडीग्रस्त! ठिकाण लिहावेच, म्हणजे तेवढे एक तरी पुस्तक पुण्याचे नाही हे जगाला कळेल.

निवृत्त_ग्रंथपाल

ठिकाणाचा मुद्दा थट्टेवारी गेला, पण तो महत्त्वाचा आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर कित्येकदा प्रकाशक म्हणून एखाद्या व्यक्तीचेच नाव असते, किंवा लेखकच प्रकाशक असतो आणि पत्ता मात्र छापखान्याचा दिलेला असतो. अशा वेळी गावाचे नाव हाच माग काढण्याचा धागा उरतो. म्हणून मराठी पुस्तकांसाठी तरी ठिकाण लिहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

अमेरिकेतल्या तीन पद्धतींची नावे आली. आपल्याकडेही भारतीय मानक आहे, याचा उल्लेख कुणी केला नाही. ग्रंथालयशास्त्र शिकताना आम्हाला 'आयएस २३८१' हे संदर्भनोंदींचे मानक अभ्यासाला होते. त्याची विभागणी मला फार उपयोगी वाटते, कारण त्यात नोंदीचे घटक आवश्यक आणि पूरक असे वेगळे काढले आहेत. नववीच्या मुलीला आवश्यक घटक पुरेत. पूरक घटकांची चिंता तिने पुढे करावी.

आता प्रत्यक्ष कृती. पुस्तक हाती घेतल्यावर मुखपृष्ठ पाहून नोंद करू नये, ही पहिली शिस्त. मुखपृष्ठावर चित्रकाराने शीर्षक लहान-मोठे केलेले असते आणि उपशीर्षक गाळलेले असते. आतले शीर्षकपान उघडावे आणि त्याच्या मागच्या बाजूला पाहावे. तिथे बारीक टाइपात प्रकाशक, मुद्रक, स्वामित्वहक्क, पहिल्या आवृत्तीचे साल, नंतरच्या आवृत्त्यांची साले आणि किंमत अशी सारी कुंडली असते. आपल्या हातातली प्रत ज्या सालची, ते साल नोंदीत लिहावे. पहिली आवृत्ती १९५५ ची आणि हातातली १९९८ ची असेल, तर पान १९९८ च्या प्रतीतले द्यायचे आणि साल मात्र १९५५ चे, असे केल्यास वाचणाऱ्याला ते वाक्य त्या पानावर सापडत नाही. आपल्याकडे आणखी एक घोटाळा असा की, नुसते पुनर्मुद्रण केले तरी प्रकाशक त्याला 'पाचवी आवृत्ती' म्हणतात. तिथे वाद न घालता जे छापले आहे ते लिहावे.

अंजनेरी

ग्रंथपालकाका, माझ्याकडे आजोबांचे एक पुस्तक आहे, त्यावर इसवी सन कुठेच नाही. फक्त 'शके १८६४' असे आहे. अशा वेळी काय करायचे?

निवृत्त_ग्रंथपाल

शकात ७८ मिळवावेत, म्हणजे १९४२ येते. मात्र पुस्तकावर माघ किंवा फाल्गुन महिना छापला असेल, तर ७९ मिळवावे लागतात. कारण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन त्याआधीच जानेवारीत बदललेले असते. महिना दिलेला नसल्यास मी 'शके १८६४ (१९४२-४३)' असे लिहीन. मूळ आकडा गाळू नये; आपली वजाबाकी-बेरीज चुकली, तर निदान दुसऱ्याला ती दुरुस्त करता आली पाहिजे.

असे जुने पुस्तक खरोखर छापले गेले होते का आणि कुणी छापले, अशी शंका आली, तर शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेली मराठी ग्रंथसूची पाहावी. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची नोंद आहे. एका माणसाने केलेले हे काम पाहिले की, आपल्याला आठ नोंदी लिहिण्याचा कंटाळा येतो याची लाज वाटते.

विज्ञानमास्तर

लेखकांच्या नावांचे काय करायचे? मुलांच्या वह्यांत मला 'डॉ. प्रा. श्री.' अशी पदव्यांची माळ दिसते आणि त्यानंतर नाव. काही जण तर यादीचा क्रमही 'डॉ.'च्या 'ड'प्रमाणे लावतात.

पीएचडीग्रस्त

पदव्या, 'श्री.' आणि 'ह.भ.प.' हे सगळे गाळायचे. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव, अथवा आद्याक्षरे: 'शिरवाडकर, वि. वा.' असे. इंग्रजीत आद्याक्षर म्हणजे एक सुटे अक्षर असते; मराठीत मात्र काना-वेलांटीसकट घेण्याची रूढी आहे, तेव्हा विष्णू वामन यांचे 'वि. वा.' होते, 'व. व.' होत नाही. छापील कागदावरचा इंग्रजी नियम डोळे मिटून लावला की असे घोटाळे होतात.

गोदातीर

आपण नेमके तेच नाव घेतले म्हणून विचारते. मुलीने प्रस्तावनेत कुसुमाग्रजांच्या गोदावरीवरील ओळी घेतल्या आहेत. यादीत कुसुमाग्रज लिहायचे की शिरवाडकर?

निवृत्त_ग्रंथपाल

शीर्षकपानावर जे नाव आहे ते. त्यांनी कविता 'कुसुमाग्रज' या नावाने आणि नाटके 'वि. वा. शिरवाडकर' या नावाने प्रसिद्ध केली, त्यामुळे कवितासंग्रहाची नोंद 'क'मध्ये जाईल आणि नाटकाची 'श'मध्ये. हवे तर कंसात दुसरे नाव द्यावे. संतांच्या बाबतीत आडनाव शोधत बसू नये. तुकारामांची नोंद 'तुकाराम' अशीच होते. मात्र गाथेची कोणती प्रत, कुणी संपादित केलेली, हे लिहिल्याशिवाय अभंगाच्या क्रमांकाला अर्थ राहत नाही, कारण निरनिराळ्या प्रतींत अभंगांचे क्रमांक निरनिराळे आहेत.

चिवडा_आणि_चहा

आणि वर्णानुक्रम? 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी घ्यायचे की आधी? शाळेच्या तक्त्यावर ते सर्वांत खाली बसलेले असतात.

निवृत्त_ग्रंथपाल

तक्त्यावर शेवटी असले, तरी बहुतेक शब्दकोशांत 'क्ष' हा 'क'च्या पोटात आणि 'ज्ञ' हा 'ज'च्या पोटात घेतात. म्हणून 'क्षीरसागर' हे 'ख'च्या आधी यायला हरकत नाही. संगणकाने क्रम लावाल, तर 'ळ'कडे लक्ष ठेवा. वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर येतो, पण काही प्रणाली त्याला 'ल'च्या शेजारी बसवतात, त्यामुळे 'काळे' कधी 'कावळे' यांच्या आधी येतात तर कधी नंतर. 'ळ'ने सुरू होणारे आडनाव माझ्या तरी पाहण्यात नाही, तेवढी काळजी कमी.

फळाखडू

नववीची मुले वीस नोंदी देत नाहीत, पाच-सहा देतात. 'काळे' वर गेले काय आणि खाली आले काय, मला चालते. विश्वकोशाविषयी मात्र सांगते, कारण तिथे फार जण चुकतात. 'मराठी विश्वकोश' एवढेच लिहून मुले मोकळी होतात. वस्तुतः विश्वकोशाच्या नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्या अभ्यासकाचे नाव दिलेले असते, तेही आडनाव आधी घेऊन. म्हणजे नोंदीचा लेखक, नोंदीचे शीर्षक, विश्वकोशाचा खंड, असे सगळे तिथेच हाताशी आहे. छापील खंड पाहिला की संकेतस्थळ पाहिले, हे प्रामाणिकपणे लिहावे. मी तर मुलांना इंग्रजी नमुन्याच्या कागदाऐवजी विश्वकोशातल्या नोंदींखालच्या संदर्भयाद्याच दाखवते. लेखक, ग्रंथ, ठिकाण, साल. आपल्याच घरचा नमुना आहे.

द्राक्षबाग

मी पिंपळगावकडचा शेतकरी, माझा मुलगा बारावीला. त्यांच्या पर्यावरण प्रकल्पाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, असा तयार प्रकल्प इंटरनेटवरून उतरवून घेतात आणि निळ्या शाईने वहीत लिहितात. मुलाच्या मित्राने 'द्राक्षबागेतील कीटकनाशके' हा विषय घेतला होता आणि निरीक्षणांत विदर्भातल्या एका गावाचे नाव तसेच राहून गेले होते. त्या वहीच्या शेवटी मात्र सहा ग्रंथांची सुरेख संदर्भसूची होती. मी विचारले, 'यातले एक तरी पुस्तक पाहिलेस का?' तो म्हणाला, 'काका, ते प्रकल्पाबरोबरच आले.'

तेव्हा माझा प्रश्न असा की, सूची सुरेख असून उपयोग काय? माझ्या बागेत येऊन दोन तास बसला असता आणि 'अमुक तारखेला अमुक बागेत पाहिले' असे लिहिले असते, तर त्याला मी अधिक मान दिला असता.

पीएचडीग्रस्त

द्राक्षबाग यांनी वर्मावर बोट ठेवले. न वाचलेली पुस्तके यादीत घालून तिचे वजन वाढवणे हा रोग बारावीत जडतो आणि आमच्यापर्यंत येऊन जुनाट होतो. यावर एक साधी कसोटी आहे. यादीतल्या प्रत्येक नोंदीकडे मजकुरातून बोट दाखवलेले असले पाहिजे आणि मजकुरातल्या प्रत्येक उसन्या विधानाची नोंद यादीत असली पाहिजे. वाक्याच्या शेवटी कंसात आडनाव, साल आणि पान दिले, की दोन्ही बाजू जुळवून पाहता येतात. विषय समजण्यासाठी नुसते चाळलेले पुस्तक 'अधिक वाचन' अशा वेगळ्या मथळ्याखाली द्यावे.

आणि यादीत नाव घातले म्हणजे परिच्छेद जसाच्या तसा उतरवण्याचा परवाना मिळतो, हा गैरसमजही काढून टाकायला हवा. शब्द दुसऱ्याचे असतील, तर अवतरणचिन्हे हवीत. स्वतःच्या शब्दांत लिहिले, तरी कल्पना कुणाची हे सांगावेच लागते.

विज्ञानमास्तर

यंदा एक नवा प्रकार पाहिला. एका विद्यार्थ्याच्या यादीत पाच मराठी पुस्तके होती. नावे भारदस्त, लेखकांची आडनावे ओळखीची वाटावीत अशी, साले सुद्धा दिलेली. मला शंका आली म्हणून दोन ग्रंथालयांत विचारले, तर पाचांपैकी एकही पुस्तक कुठे नाही. मुलाने शेवटी सांगितले की, 'गोदावरीवरील पुस्तके सांग' असे त्याने एका एआय चॅटबॉटला विचारले होते. यंत्राने शक्य वाटतील अशी नावे जुळवून दिली होती. मुलाने फसवले असे मी म्हणणार नाही. तो स्वतःच फसला होता. पण एकदा जरी ग्रंथालयात गेला असता, तरी त्याचे त्यालाच कळले असते.

मिसळप्रेमी

म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठाला आता तगडा प्रतिस्पर्धी मिळाला तर!

गोदातीर

सर्वांचे आभार. आता माझ्या अडलेल्या जागा एकेक करून विचारते. कात्रणांवर वर्तमानपत्राचे नावच नाही, तारीखही नाही. आजोबांनी फक्त बातमी कापून वहीत चिकटवली आहे. मागच्या बाजूला एका चित्रपटाची अर्धी जाहिरात आहे. विकिपीडिया पूर्ण वगळायचा का? आणि शिलालेखाची नोंद मुलीने 'गौतमी बलश्रीचा शिलालेख, पांडवलेणी, नाशिक' अशी केली आहे, ती बरोबर आहे का?

जुनेनाशिककर

शिलालेखाबद्दल विचारतो, रागावू नका. आपली कन्या ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा वाचते का? वाचत असेल, तर नोंद बरोबर आहे आणि तिला माझा साष्टांग नमस्कार.

पीएचडीग्रस्त

जुनेनाशिककर यांनी हसत हसत सांगितलेला हा नियम खरोखर मूलभूत आहे: जे आपण पाहिले त्याचीच नोंद करावी. पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला तो लेख आहे, आणि गौतमीपुत्र सातकर्णीची त्याच्या आईच्या नावे आलेली प्रशस्ती म्हणून तो प्रसिद्ध आहे. नाशिकच्या लेण्यांतील लेखांचे वाचन एमिल सेनार या फ्रेंच विद्वानाने 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात प्रसिद्ध केले. आपल्या मुलीने मात्र यांपैकी काहीच वाचलेले नसून एखाद्या मराठी पुस्तकात त्या लेखाचा सारांश वाचला असणार. तेव्हा तिने मजकुरात 'गौतमी बलश्रीचा लेख (अमुक यांच्या पुस्तकात उल्लेखिलेला, पृ. अमुक)' असे लिहावे आणि यादीत त्या मराठी पुस्तकाचीच नोंद करावी. यात कमीपणा नाही. मराठी पुस्तकाच्या लेखकाने सारांश चुकीचा दिला असेल, तर ती चूक कुणाची हे त्यामुळे स्पष्ट राहते.

फळाखडू

विकिपीडिया मी वगळायला सांगत नाही, शेवटचा मुक्काम करू नये असे सांगते. तिथल्या लेखाखाली दिलेल्या संदर्भांपर्यंत जावे, ते वाचावेत आणि त्यांची नोंद करावी. तरीही लेखच वापरला असेल, तर लेखाचे शीर्षक, 'मराठी विकिपीडिया', पाहिल्याचा दिनांक आणि त्या दिवशीच्या आवृत्तीचा कायमचा दुवा द्यावा. कारण तो लेख उद्या कुणीही बदलू शकतो. प्रत्येक बदलाचा इतिहास तिथे जपलेला असतो, हे मुलांना दाखवले की त्यांना फार मौज वाटते.

यूट्यूबचेही तसेच. वाहिनीचे नाव, चित्रफितीचे शीर्षक, ती चढवल्याचा दिनांक आणि कितव्या मिनिटाला ते विधान आले, हे लिहावे. एक तासाचे भाषण बाईंनी पूर्ण ऐकावे, अशी अपेक्षा कृपया ठेवू नये.

पीएचडीग्रस्त

थोडी भर घालतो. 'एपीए'च्या मते पाहिल्याचा दिनांक फक्त सतत बदलणाऱ्या पानांसाठी द्यायचा असतो, आणि 'एमएलए'त तो ऐच्छिक आहे. पण शाळेपुरता तो सरसकट लिहावा असेच मी म्हणेन. सरकारी संकेतस्थळांचे दुवे किती लवकर मरतात, हे ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल.

निवृत्त_ग्रंथपाल

कात्रणांचा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे. तारीख नसलेले कात्रण म्हणजे नाव-पत्ता नसलेले पाकीट. तरीही उपाय आहेत. टाइपाच्या वळणावरून आणि रकान्याच्या रुंदीवरून आजोबा वर्तमानपत्र ओळखू शकतील. मागची चित्रपटाची जाहिरात फेकून देऊ नका. तो चित्रपट कधी लागला होता हे कळले, तर महिना तरी हाती लागतो. मग जुन्या अंकांच्या फायली जिथे जपल्या असतील, तिथे जाऊन तो महिना उलटावा. टिळक पथावरचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे, तिथे चौकशीला सुरुवात करायला हरकत नाही. शोध लागलाच नाही, तर नोंदीत 'दिनांक उपलब्ध नाही, कौटुंबिक संग्रहातील कात्रण' असे लिहावे. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नये.

अलीकडच्या वर्तमानपत्रांत आवृत्ती लिहायला विसरू नये. नाशिक आवृत्तीच्या तिसऱ्या पानावरची बातमी पुण्याच्या आवृत्तीत कदाचित छापलेलीच नसेल.

अंजनेरी

आणि आजी? मूळ शेरा तर तिच्यावरून होता.

पीएचडीग्रस्त

इथे पद्धतींत खरा मतभेद आहे. 'एपीए' म्हणते की, वाचकाला पुन्हा मिळवता येणार नाही असे संभाषण यादीत घालू नये. मजकुरात कंसात 'वैयक्तिक संवाद' म्हणून नाव आणि दिनांक द्यावा, इतकेच. 'एमएलए' मात्र स्वतः घेतलेल्या मुलाखतीला यादीत जागा देते. बाईंनी 'एपीए' सांगितली असेल, तर आजीला यादीबाहेर बसावे लागेल.

द्राक्षबाग

हे मला मान्य नाही. ज्या बाईने पूर डोळ्यांनी पाहिला, तिला बाहेर बसवायचे आणि ज्याने दुसऱ्याचे वाचून लिहिले त्याला आत घ्यायचे, हा कुठला न्याय?

निवृत्त_ग्रंथपाल

द्राक्षबाग, आपला राग योग्य आहे आणि त्यावर उपायही आहे. मुलीने आजीची मुलाखत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी, प्रश्न-उत्तरे लिहून काढावीत आणि प्रकल्पाला परिशिष्ट म्हणून जोडावीत. मग आजीचे म्हणणे वाचकाला तपासता येते आणि यादीतल्या नोंदीला आधार मिळतो. नोंदीत नाव, वय, पुराच्या वेळी कुठे राहत होती ते, मुलाखतीचे ठिकाण आणि दिनांक असावा.

मात्र आजी कशाची साक्षीदार आहे, हेही पाहावे. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढले यावरून पूर मोजण्याची नाशिककरांची रीतच आहे; कमरेपर्यंत, छातीपर्यंत, डोक्यावरून, असे लोक सांगतात. आजीने जे पाहिले ते तिच्या नावावर लिहावे. धरणातून किती घनफूट पाणी सोडले, हा आकडा आजीच्या नावावर लिहू नये, तो कागदपत्रांतून घ्यावा. दोहोंत विसंगती आली, तर दोन्ही द्याव्यात.

फळाखडू

शिक्षिका म्हणून सांगते, अशा परिशिष्टासह आजी आली, तर मी 'एपीए' गुंडाळून ठेवीन आणि तिला यादीत घेईन.

गोदातीर

पंधरा दिवसांनी पुन्हा लिहिते आहे. वही काल दुसऱ्यांदा दिली. यादीत सात नोंदी झाल्या. कात्रणांपैकी एकाची तारीख लागली. जाहिरातीतल्या चित्रपटावरून नव्हे, तर आजोबांना आठवले की ती बातमी माझ्या मामांच्या बारशाच्या आठवड्यातली आहे, आणि फाइलमध्ये ती खरोखर त्याच आठवड्यात निघाली. उरलेल्या दोन कात्रणांना 'दिनांक उपलब्ध नाही' असेच लिहिले.

बाईंनी फळाखडूताईंसारखीच परीक्षा घेतली. मुलीने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरील सोळावा खंड, १८८३ चा, स्कॅन केलेल्या पीडीएफमधून वापरला होता. बाईंनी पान उघडायला सांगितले आणि त्या पानावर भलताच मजकूर निघाला. मुलगी रडवेली झाली. मग बाईंनीच दाखवले की, पडद्यावरचा पीडीएफचा पृष्ठांक आणि कागदावर छापलेला पृष्ठांक यांत, सुरुवातीच्या कोऱ्या पानांमुळे आणि अनुक्रमणिकेमुळे, वीसेक पानांचा फरक पडला होता. छापील आकडा लिहायचा असतो, हे आम्हा कुणाच्याच लक्षात आले नव्हते. तिने तिथेच पेनने दुरुस्ती केली.

पीएचडीग्रस्त

ही चूक माझ्या प्रबंधात अकरा ठिकाणी होती. मुलीला सांगा, ती वेळेत सुटली.

चिवडा_आणि_चहा

मुख्य गोष्ट राहिली. आजी कोणत्या अक्षराखाली गेली?

गोदातीर

तोच घोळ अजून मिटलेला नाही. यादीत आम्ही तिचे सासरचे आडनाव लिहिले होते. आजीने परिशिष्ट वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, 'पूर आला तेव्हा मी आठवीत होते, पंचवटीत माहेरी. हे आडनाव तेव्हा माझे नव्हतेच. ज्यांनी पूर पाहिलाच नाही त्यांचे नाव कशाला लावता?'

निवृत्त_ग्रंथपाल

आजींचा आक्षेप ग्रंथालयशास्त्राच्या कसोटीवर उतरण्याजोगा आहे. तरी मुलाखत आजची असल्याने नोंद आजच्या आडनावानेच राहू द्यावी आणि कंसात 'पूर्वाश्रमीच्या' असे लिहून माहेरचे आडनाव द्यावे. त्याशिवाय माहेरच्या आडनावाखाली 'पाहा' अशी एक ओळ टाकली, तर आजी यादीत दोनदा येतील, आणि मला वाटते त्यांची त्याला हरकत नसेल.